फोंडा घाटात बंद पडणारी फियाट

गाडी फियाट ११०० डी, म्हणजे लोकांच्या तोंडी 'डिलाईट'. रजिस्ट्रेशन १९६८ चं, तीन अक्षरांची जुनी नंबरप्लेट, १०८९ सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मालक देवगड तालुक्यातले आंबा बागायतदार, आमच्यापेक्षा दोन पिढ्यांनी मोठे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांचे वडील मुंबईत नोकरीला असताना नंबर लावून ही गाडी घेतली होती. निवृत्तीनंतर ती गावी आली आणि तेव्हापासून बागेतल्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, असते. आठवड्यातून एकदा देवगड-जामसंडे बाजार, अधूनमधून कणकवली आणि वर्षातून काही वेळा लेकीकडे कोल्हापूरला, एवढंच तिचं चालणं.

काकांची तक्रार त्यांच्याच शब्दांत: "झिला, सपाटीर बरी चालता. घाट चढाक लागली की मान टाकता. मगे अर्धो तास फडक्यार पाणी ओतूचा, तेव्हा खंय परत चालू होता."

देवगड-निपाणी रस्त्याने नांदगाव तिठा, मग फोंडा, आणि फोंड्यानंतर घाट. त्या घाटाच्या मधल्या टप्प्यात कुठेतरी गाडी आधी मिसिंग मारायची, मग दोन-तीन जर्क, आणि बंद. सेल्फ मारला तर इंजिन फिरायचं, पण धरायचं नाही. बॉनेट उघडायचं, एसी पंपावर (फियाटचा पेट्रोल पंप, आमच्याकडे सगळे त्याला एसी पंपच म्हणतात) ओलं फडकं टाकायचं, बाटलीतलं पाणी शिंपडत राहायचं. वीस मिनिटं ते अर्धा तास गेला की गाडी सुरू. हा प्रकार लॉकडाऊन उठल्यानंतरच्या काळापासून, म्हणजे साधारण २०२१ पासून चालू होता.

गाडी माझ्या गॅरेजात येण्याआधी तिच्यावर बरंच काम झालेलं होतं. प्लगला ठिणगीचा करंट देणारी कॉईल बदललेली. प्लग दोनदा बदललेले. त्याच करंटच्या वाटेवरचे कंडेन्सर आणि पॉइंट नवे. एसी पंपाला नवा किट. कार्बोरेटर खोलून धुतलेला. एका ठिकाणी रेडिएटर रॉडिंग करून, म्हणजे नळ्या आतून साफ करून आणलेला, एका ठिकाणी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, थोडं मागे घेतलेलं. प्रत्येक काम झाल्यावर गाडी बाजारापर्यंत छान चालायची. आधीही छानच चालत होती, त्यामुळे त्यातून काही सिद्ध होत नव्हतं. बिघाड घाटात आणि तपासणी गॅरेजच्या दारात, असं चार वर्षं चाललं होतं.

जुन्या गाडीत पार्ट बदलून बघणं हा उपाय पूर्वी तरी परवडायचा. मुंबईत पद्मिनी टॅक्स्या धावत होत्या तोवर या इंजिनाचे स्पेअर हवे तेवढे मिळायचे, कारण डिलाईट, नंतरची प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची पद्मिनी ही एकाच कुळातली गाडी. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघणं थांबलं त्याला पाव शतक होत आलं, आणि शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. आता जे मिळतं त्यातलं बरंचसं नकली असतं. नवा पार्ट जुन्या चांगल्या पार्टपेक्षा वाईट निघण्याची शक्यता मोठी. काकांच्या गाडीतली 'नवी' कॉईल मीच काढून त्यांच्या डब्यात जपून ठेवलेली जुनी परत बसवली, ती अजून ठणठणीत होती.

उष्णतेचं निदान आणि त्यात न बसणाऱ्या दोन गोष्टी

सगळ्यांचं एकमत होतं की गाडीला व्हेपर लॉक होतो. चढावर इंजिन तापतं, पंप तापतो, नळीत पेट्रोलची वाफ धरते, पंपाला वाफ ओढता येत नाही, कार्बोरेटर रिकामा पडतो. फडकं टाकलं की पंप थंड होतो, गाडी चालू होते. हे निदान उगाच आलेलं नाही. अँबेसेडर आणि फियाट घाटात चालवलेल्या प्रत्येक जुन्या ड्रायव्हरने पंपावर फडकं टाकलेलं आहे आणि बहुतेक वेळा त्याला गुणही आलेला आहे.

पण फडक्याच्या उपायात एक मेख आहे. ओलं फडकं टाकायला थांबावंच लागतं, आणि थांबल्याने फक्त पंप थंड होत नाही. इंजिन, कॉईल, कंडेन्सर, कार्बोरेटर सगळंच थंड होतं, नळीतली ओढ थांबते, कचरा असेल तर तो खाली बसतो. अर्ध्या तासात बऱ्या होणाऱ्या सगळ्या दुखण्यांचं श्रेय फडकं घेऊन जातं. फडकं न टाकता नुसतं अर्धा तास बसून पाहिलंय का, असं काकांना विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवाला नारळ न देता होडी समुद्रात घालायला सांगतोय.

म्हणून मी पान्याआधी वही काढली. बंद पडण्याचे जेवढे प्रसंग काकांना आठवत होते तेवढे विचारले: कुठे, कुठल्या महिन्यात, किती वाजता, गाडीत माणसं किती, पेट्रोल कुठे भरलं. आठवणी अर्धवट होत्या, तरी दोन गोष्टी हाती लागल्या.

पहिली: एकदा बंद पडून सुरू झाली की पुढे त्याच प्रवासात ती सहसा त्रास देत नव्हती. घाटाचा उरलेला अर्धा चढ, दाजीपूर, राधानगरी, थेट कोल्हापूर. आता इंजिन तापल्यामुळे बंद पडत असेल तर अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर पुन्हा चढ सुरू झाला की पंधरा मिनिटांत ते परत तेवढंच तापणार. मग पुन्हा बंद का पडत नाही?

दुसरी गोष्ट काकांनी सांगितलीच नव्हती, ती काकूंनी आतून सांगितली. एका डिसेंबरात पहाटे राधानगरीहून परत येताना, घाट उतरून फोंड्याच्या अलीकडे सपाटीवर गाडी बंद पडली होती. धुकं, थंडी, उतारावर इंजिनावर काही भार नाही. काकांचं म्हणणं, "ता उतारार झाला, ता वेगळा. कचरो इललो आसतलो."

मला तो प्रसंग वेगळा वाटला नाही. लक्षणं तीच होती, मिसिंग, जर्क, बंद, अर्ध्या तासाने चालू. फरक एवढाच की हा प्रसंग उष्णतेच्या गोष्टीत बसत नव्हता, म्हणून तो आपोआप गोष्टीबाहेर काढला गेला होता. बाकी दहा प्रसंग एका निदानात बसत असतील आणि एक बसत नसेल, तर मी त्या एकाकडे आधी बघतो.

पेट्रोल कुठे भरलं, याची उत्तरंही वहीत होती, पण त्यांचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता. काका बाजाराच्या फेरीसाठी दहा-बारा लिटरवर गाडी चालवतात. कोल्हापूरला जायचं असलं की नांदगावजवळ महामार्गावर टाकी फुल्ल करतात, गळ्यापर्यंत. डिसेंबरातल्या त्या परतीच्या प्रवासात त्यांनी आदल्या संध्याकाळी राधानगरीत टाकी फुल्ल केली होती.

गॅरेजमधली तपासणी

घाटात जाण्याआधी दारातच जे निकालात निघतं ते काढून घेतलं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांचं एकमेकांच्या जवळ, वयाच्या मानाने उत्तम. डेल्कोच्या (चारही प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) पॉइंटचं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आत, पृष्ठभाग स्वच्छ; कंडेन्सर खराब असता तर पॉइंटवर खड्डा आणि उंचवटा दिसला असता. रोटर आणि कॅपला चीर नाही. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी मात्र हिरवीगार झालेली. देवगडच्या खाऱ्या हवेत तांब्याचं दुसरं काय होणार. ती घासून, ग्रीस लावून बसवली. त्याने सेल्फ जरा जोरात फिरायला लागला, एवढंच.

पेट्रोलच्या बाजूला पंपाची ओढ मोजली. सक्शनच्या तोंडाला व्हॅक्युम गेज लावून इंजिन सेल्फने फिरवलं. चांगला यांत्रिक पंप बंद नळीवर पाऱ्याचे आठ-दहा इंच तरी ओढतो. हा जेमतेम सहावर थांबला. म्हणजे पंप अशक्त, पण मेलेला नाही. नवा किट टाकूनही हे असं, कारण किटमधला पडदा बरा होता आणि व्हॉल्व्ह नीट बसत नव्हते.

इथे थांबून नवा पंप लावणं सोपं होतं, आणि कदाचित गाडी घाट चढूनही गेली असती. पण अशक्त पंप हे कारण मानलं तर डिसेंबरची पहाट तशीच राहत होती. अशक्त पंप सपाटीवर, कमी मागणीला पुरतो. तिथे तो का हरला?

घाटात

मे महिन्याची दुपार मुद्दाम निवडली. नांदगावला टाकी काकांच्या पद्धतीने गळ्यापर्यंत भरली. टाकीकडून येणारी नळी आणि एसी पंप यांच्या मधे टी जोडून व्हॅक्युम गेज लावला आणि त्याची लांब नळी खिडकीतून आत घेतली. पंपाच्या अलीकडे पेट्रोलला चालणाऱ्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा घातला. सोबत एक जादा प्लग, लहान बाटली आणि अग्निशामक नळकांडं. हे शेवटचं नसेल तर पेट्रोलच्या नळ्या रस्त्यात सोडवायच्या भानगडीत कोणी पडू नये.

निघाल्यावर गेज एक इंचाच्या आत. महामार्ग सोडून फोंड्याकडे जाताना काटा हळूहळू सरकत होता. दोन, तीन. फोंडा बाजार ओलांडला तेव्हा चारच्या पुढे. रस्ता अजून जवळजवळ सपाट, पाण्याचं तापमान मधोमध, पंपाला हात लावता येत होता. काही तापायच्या आधीच टाकीकडची बाजू ओढून धरत होती. काका मागे बसून म्हणाले, अजून घाट इलो खंय.

चढ सुरू झाल्यावर काट्याचा वेग मंदावला, त्याचं कारण पुढे सांगतो. दुसऱ्या गिअरच्या लांब वळणावर काटा सहाच्या जवळ गेला आणि मिसिंग सुरू झालं. दोन जर्क, आणि गाडी बंद. बाजूला घेऊन मागच्या चाकांना दगड लावले.

आता घाई नव्हती. प्लगची वायर काढून जादा प्लगला लावली, तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवून सेल्फ मारला. ठिणगी निळी आणि कडक. म्हणजे बंद पडलेल्या क्षणी, इंजिन तापलेलं असताना, करंट शाबूत होता. कॉईल आणि कंडेन्सर एका मिनिटात आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर. मग प्लग जागेवर लावून, एअर फिल्टर काढून, झाकणभर पेट्रोल कार्बोरेटरच्या तोंडात सोडलं, बाटली दूर नेऊन ठेवली आणि सेल्फ मारला. इंजिनाने लगेच धरलं, तीन-चार सेकंद नीट चाललं आणि पुन्हा मेलं. पेट्रोल पोचत नाही, हे पक्कं झालं. पारदर्शक नळीत बघितलं तर बारीक बुडबुड्यांची माळ दिसत होती.

बुडबुडे दिसल्यावर काकांचा चेहरा खुलला. वाफ! फडकं भिजवायला ते बाटली घेऊन पुढे आले. मी त्यांना थांबवलं आणि मागे जाऊन टाकीचं झाकण उघडलं.

किल्ली फिरवून झाकण सैल करताच आत हवा ओढली गेल्याचा लांब आवाज आला. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या तिघांनाही तो ऐकू गेला. माझा पोरगा गेजकडे बघत होता, त्याने ओरडून सांगितलं की काटा शून्याला आला. झाकण परत नुसतं टेकवून ठेवलं, सेल्फ मारला. पंप थोडा वेळ भरत राहिला, मग इंजिनाने धरलं. थांबल्याला दहा मिनिटंही झाली नव्हती, ऊन तेच, इंजिन तेवढंच गरम, फडकं कोरडं.

एवढ्यावर मी समाधान मानलं नसतं. घाट उतरून खाली आलो, जळालेलं पेट्रोल पुन्हा गळ्यापर्यंत भरलं, झाकण घट्ट लावलं आणि त्याच रस्त्याने पुन्हा निघालो. पहिल्यापेक्षा थोडं वर, पण गाडी बंद पडली. मग तिसऱ्यांदा, तशीच फुल्ल टाकी, झाकण मात्र सैल आणि त्यावर कापड बांधलेलं. गेज पूर्ण रस्ताभर एक-दीड इंचात राहिला आणि गाडी दाजीपूरपर्यंत न थांबता गेली. अशक्त पंपासकट.

झाकण आणि टाकीचा हिशेब

पेट्रोल जसं जळतं तशी टाकीत तेवढी हवा आत यायला हवी. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल अडखळत येतं, म्हणून घरोघर दुसरं भोक पाडतात. जुन्या गाडीत ते दुसरं भोक बहुधा टाकीच्या झाकणातच असतं.

मग सगळे दिवस बाजाराला जाताना त्रास का नव्हता? इथे ती फुल्ल टाकी येते. ढोबळ हिशेब असा. टाकी चाळीसेक लिटरची. गळ्यापर्यंत भरल्यावर वर दोन लिटर मोकळी जागा उरली असं धरू. उन्हाळ्यात त्या जागेतल्या दाबाचा साधारण निम्मा वाटा हवेचा आणि निम्मा पेट्रोलच्या वाफेचा असतो. दोन लिटर पेट्रोल जळलं की मोकळी जागा दुप्पट होते. वाफ नव्याने तयार होऊन आपला वाटा भरून काढते, हवा तेवढीच असल्याने तिचा वाटा अर्धा होतो. म्हणजे एकूण पाव वातावरणाची तूट, पाऱ्याचे सात इंच किंवा थोडं जास्त. सहा इंच ओढणाऱ्या पंपाचा तिथे निभाव लागत नाही.

तेच दोन लिटर टाकीत बारा लिटर पेट्रोल असताना जळले, तर मोकळी जागा अठ्ठावीस लिटरची तीस होते. तूट जेमतेम एक इंच. पंपाला कळतही नाही. नांदगावपासून घाटाच्या मधल्या टप्प्यापर्यंत जुन्या फियाटला दोनेक लिटर लागतात. घाटाचं वळण आणि टाकीचा हिशेब एकाच जागी येत होते, आणि सगळे वळणाला दोष देत होते.

एकदा बंद पडल्यावर पुढे त्रास का नाही, हेही यातून सुटतं. अर्ध्या तासात झाकणाच्या कडेने थोडी-थोडी हवा आत झिरपते. शिवाय आता मोकळी जागा आधीपेक्षा मोठी झालेली असते, त्यामुळे पुढच्या प्रत्येक लिटरामागे तूट कमी पडते.

काट्याचा वेग चढावर मंदावला होता. घाटमाथा सहाशे मीटरच्या वर. एवढ्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सातेक टक्क्यांनी, म्हणजे पाऱ्याच्या दोन इंचांनी कमी. टाकी बंद असल्याने आतला दाब आपल्या जागी राहतो आणि बाहेरचा उतरतो, म्हणून दोहोंतला फरक चढताना थोडा भरून निघतो. खरं तर चढ या गाडीला मदतच करत होता. उतरताना उलट. बाहेरचा दाब दोन इंच वाढतो, आतला तोच राहतो. त्यात डिसेंबरची पहाट म्हणजे टाकीतलं पेट्रोल थंड, वाफेचा वाटा आणखी कमी. काकूंनी सांगितलेला तो प्रसंग या गाडीसाठी सगळ्यात कठीण परिस्थितीतला होता, आणि तोच बाद ठरवला गेला होता.

व्हेपर लॉक म्हणणारे मात्र अगदीच चुकले नव्हते. दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. नळीत सहा इंचांची ओढ असताना पेट्रोलमधले हलके घटक नेहमीपेक्षा कमी तापमानाला वाफ धरतात. बुडबुडे खरे होते. पंप तापलेला असेल तर ते आणखी लवकर येणार, म्हणून उन्हाळ्यात त्रास जास्त, आणि फडक्याने थोडा गुण येत असणारच. वाफ होती, पण ती बंद टाकीमुळे होती.

वायसर

झाकण गॅरेजमध्ये खोलून पाहिलं. मूळ फियाटचं नव्हतं, किल्लीचं होतं, पण चांगलं होतं. आतल्या पत्र्याला हवेसाठी बारीक भोक होतं. त्या पत्र्यावर मात्र जाड काळ्या रबराचा अख्खा गोल चिकटवलेला, मधे भोक नसलेला. एका बाजूला त्यावर ट्यूबच्या साच्याची आडवी रेघ स्पष्ट दिसत होती. ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून कात्रीने कापलेला वायसर.

का लावला, ते काकांना आठवलं. लॉकडाऊननंतर टाकी फुल्ल करून कोल्हापूरला निघाले की वळणावर झाकणातून पेट्रोल सांडायचं आणि मागच्या सीटवर वास यायचा. कुठल्याशा गॅरेजात त्यांनी तसं सांगितलं आणि तिथल्या माणसाने पाच मिनिटांत वास बंद करून दिला. मूळ वायसर कडीसारखा, मधे मोकळा असतो. तो झिजला होता. त्याच्या जागी अख्खा गोल गेला आणि भोक झाकलं गेलं. ज्याने केलं त्याने मागितलं तेवढं काम चोख केलं होतं. गाडी बंद पडायला लागली ती त्यानंतरच्या घाटात, पण वासाची तक्रार आणि बंद पडण्याची तक्रार यांचा संबंध कोणी कशाला जोडेल? एक मागच्या बाजूची, एक बॉनेटखालची.

आणि सांडण्याचं मूळ तरी काय, तर गळ्यापर्यंत भरलेली टाकी.

इथेनॉलबद्दल

गाडी माझ्याकडे आली तेव्हा काकांचा ताजा संशय नव्या पेट्रोलवर होता. हल्ली प्रत्येक जुन्या गाडीचा प्रत्येक आजार ई-२० च्या खात्यावर जमा होतो, म्हणून थोडं लिहितो. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपावर आलं आणि २०२५ पर्यंत देशभर झालं. हा बिघाड २०२१ चा. तारखाच जुळत नाहीत.

तरी इथेनॉल निर्दोष आहे असंही नाही. या गाडीचे जुने रबरी होज आतून मऊ पडले होते, नखाने खरवडलं तर काळं निघत होतं; इथेनॉल त्या काळच्या रबराला सोसत नाही. ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात मांगरातल्या गाडीच्या टाकीत ओल पोचायला वेळ लागत नाही. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्याने कार्बोरेटरचे तेच जेट (पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकं) ठेवले तर मिश्रण पातळ होतं. प्लग थोडे पांढरट होते, त्यात बंद टाकीचा वाटा किती आणि ई-२० चा किती, ते काही महिने चालवल्यावर प्लग बघून कळेल. मेन जेट त्यानंतरच बदलायचा की नाही ते ठरवणार आहे.

केलेलं काम

वायसर काढून नायट्रिल रबराचा कडीसारखा नवा कापला. झाकणातलं भोक तारेने मोकळं केलं आणि झाकण तोंडात धरून हवा जाते-येते हे पाहिलं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी होज इथेनॉलला टिकणारे, आर-९ दर्जाचे टाकले. एसी पंपाचे व्हॉल्व्ह कोल्हापूरला उद्यमनगरात नीट बसवून आणले. आता तो साडेआठ-नऊ इंच ओढतो. टायमिंग मूळ जागी आणलं. काकांना सांगितलं की पेट्रोल भरताना नळीचा पहिला 'टक' आवाज आला की नळी बाहेर, वर एक थेंब नाही. वास तेवढ्यानेच गेला.

बिल ऐकून काका म्हणाले, "माका वाटला मोठा काम निघतला." त्यातला निम्म्याहून जास्त खर्च होज आणि पंपाचा होता, म्हणजे जे या बिघाडाचं कारणच नव्हतं त्याचा. दुखणं ज्याने गेलं तो वायसर मी बिलात लिहिलाच नाही.

एक गोष्ट शिल्लक आहे. भर उन्हात गाडी चालवून दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवली तर सुरू व्हायला कुरकुरते. हे मात्र खरोखर उष्णतेचं आहे: इंजिन बंद केल्यावर कार्बोरेटर खालच्या मॅनिफोल्डमुळे तापत राहतो, फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनात उतरतं आणि मिश्रण फार जाड होतं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारला की पाच-सात सेकंदांत चालू होते. कार्बोरेटरखालचं जाड इन्सुलेटर पॅकिंग कोणीतरी काढून तिथे पातळ कागदी पॅकिंग घातलेलं आहे. मूळ जाडीचं बनवून घ्यायला दिलंय, गणपतीआधी बसवू. तोवर फडकं डिकीत राहू द्यायला माझी हरकत नाही.